बीटा १०० धरून लिहिलेलं प्रात्यक्षिक: एका ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेतलं हे प्रकरण आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वीस मुलांची बॅच, दोघांत एक अशी दहा टेबलं आणि हातात दोन तास. विषय होता कॉमन एमिटर ॲम्प्लिफायर: ब्रेडबोर्डवर सर्किट जोडायचं, डीसी व्होल्टेज मोजायची, एक किलोहर्ट्झचा छोटा सिग्नल द्यायचा आणि गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट, तो आकडा) काढून जर्नलमध्ये लिहायचा.

प्रात्यक्षिकाची पत्रिका बरीच जुनी होती. तिच्यात सगळ्यांत साधं, फिक्स्ड बायसचं सर्किट दिलं होतं. बायस म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून ठरावीक करंट वाहता ठेवणारी डीसी जोडणी. १२ व्होल्टचा सप्लाय, कलेक्टरला २.२ किलोओहम, बेसला सप्लायपासून थेट ३९० किलोओहम, एमिटर सरळ ग्राउंडला. ट्रान्झिस्टरच्या जागी फक्त 'एनपीएन, बीटा = १००' असं लिहिलेलं. बीटा म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट, तो आकडा. हा आकडा धरला तर गणित सुरेख जुळतं. बेस करंट (१२ − ०.६५) भागिले ३९० किलोओहम, म्हणजे २९ मायक्रोॲम्पिअर. त्याची शंभर पट २.९ मिलिॲम्पिअर कलेक्टर करंट. कलेक्टर रेझिस्टरवर ६.४ व्होल्ट पडतात आणि ट्रान्झिस्टरवर ५.६ व्होल्ट उरतात. सप्लायच्या जवळपास निम्मे, म्हणजे सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे सारखी जागा.

मुलांनी हे गणित आदल्या आठवड्यात वर्गात केलं होतं आणि बहुतेकांना ते नीट जमलंही होतं. ट्रान्झिस्टर मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे आणलेले बीसी५४७ होते. एकाच पिशवीत बहुतेक 'बी' गटाचे आणि थोडे 'ए' गटाचे.

काय बिघडलं

पहिल्या तासाभरात दहापैकी एकाही टेबलावर सुबक साइन वेव्ह दिसली नाही. सात टेबलांवर डीएसओच्या (डिजिटल ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावर जवळजवळ सरळ रेघ होती. दोन टेबलांवर वेव्ह दिसत होती, पण तिचा खालचा भाग कापलेला. दहाव्या टेबलावर काहीतरी फारच विचित्र चाललं होतं, त्याकडे पुढे येऊ.

मुलांची पहिली प्रतिक्रिया अशा वेळी सगळीकडे होते तीच होती: फंक्शन जनरेटरचा नॉब वाढवायचा, तेवढ्याने भागलं नाही तर डीएसओचं 'ऑटो' बटण दाबायचं, आणि शेवटी ट्रान्झिस्टर 'उडाला' म्हणून नवा मागायचा. साहाय्यकांकडचे सहा ट्रान्झिस्टर असे पहिल्या अर्ध्या तासातच गेले. ते सहाही नंतर तपासले, तर सगळे चांगले निघाले.

"मॅडम, आमचा ट्रान्झिस्टर गेला. आउटपुटच नाही."

"कलेक्टरला किती व्होल्ट आहेत?"

"ते अजून मोजलं नाही, मॅडम."

"आधी जनरेटर काढ. नुसता मल्टिमीटर लाव आणि मला सांग."

मल्टिमीटरने ०.१ व्होल्ट दाखवले. उरलेल्या सहा टेबलांवरही तोच आकडा, फार तर ०.१५. म्हणजे ट्रान्झिस्टर उडालेला नव्हता, तो पूर्ण सॅच्युरेशनमध्ये गेला होता: इतका उघडलेला, की करंट आणखी वाढायला जागाच नाही.

तपास

कारण शोधायला पाच मिनिटं पुरली. बीसी५४७ च्या डेटाशीटमध्ये २ मिलिॲम्पिअर कलेक्टर करंटला बीटाची मर्यादा 'ए' गटासाठी ११० ते २२०, 'बी' साठी २०० ते ४५० आणि 'सी' साठी ४२० ते ८०० अशी दिलेली असते. पिशवीतले 'बी' गटाचे तुकडे मल्टिमीटरच्या एचएफई (म्हणजे बीटा) मोजायच्या खाचेत घातले तर बरेचसे २७० ते ३३० च्या दरम्यान होते. बेस करंट २९ मायक्रोॲम्पिअर आणि बीटा २९० धरला तर ट्रान्झिस्टर ८.४ मिलिॲम्पिअर मागतो. पण १२ व्होल्ट आणि २.२ किलोओहम यातून जास्तीत जास्त ५.४५ मिलिॲम्पिअरच वाहू शकतो. बाकीचा बेस करंट ट्रान्झिस्टरला आणखी खोल दाबून ठेवतो. वीस मिलिव्होल्टचा सिग्नल त्याला तिथून बाहेर काढू शकत नाही.

ज्या दोन टेबलांवर वेव्ह कापलेली दिसत होती तिथे 'ए' गटाचे तुकडे गेले होते. बीटा १६५ च्या आसपास, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर साधारण १.४ व्होल्ट. म्हणून वरची बाजू शाबूत आणि खालची कापलेली.

दहाव्या टेबलावर कलेक्टरच्या जागी ८.७ व्होल्ट मिळत होते. त्या जोडीला आकडा पाहून आनंद झाला होता, कारण बाकीच्यांपेक्षा तो 'बरा' होता. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर उलटा बसला होता. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. त्याच आकाराच्या २एन३९०४ मध्ये तो बरोबर उलटा, एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो आणि मुलांनी मोबाइलवर त्याचंच चित्र पाहिलं होतं. उलट्या जोडणीत ट्रान्झिस्टर थोडाफार चालतो, पण त्याचा बीटा एक-दोन आकडी उरतो. शिवाय बेस-एमिटर जंक्शनवर उलट दिशेने फक्त ६ व्होल्टची हमी असते. त्यापुढे कुठेतरी ते झेनरसारखं ब्रेकडाउन होतं आणि व्होल्टेज तिथेच अडकतं. ८.७ हा त्या अडकण्याचा आकडा होता. असा ताण बसलेल्या ट्रान्झिस्टरचा कमी करंटवरचा बीटा कायमचा उतरू शकतो, म्हणून तो तुकडा बाजूला काढला गेला. हा निर्णय योग्यच होता. तो परत पिशवीत गेला असता तर पुढच्या बॅचला त्रास झाला असता.

तपासात आणखी एक गोष्ट सापडली. प्रयोगशाळेत दोन जुने काट्याचे मल्टिमीटर होते, संवेदनशीलता २० किलोओहम प्रति व्होल्ट. २.५ व्होल्टच्या रेंजवर असा मीटर ५० किलोओहमचा होतो. बेसवर ०.६५ व्होल्ट मोजायला तो लावला की तो स्वतःच १३ मायक्रोॲम्पिअर ओढून घेतो. ट्रान्झिस्टरला मिळणाऱ्या २९ पैकी १३ मीटरच खाऊन टाकतो. पुढे ३९० किलोओहमच्या जागी १.२ मेगाओहम लावल्यावर तर प्रकार आणखी ठळक झाला: काट्याचा मीटर बेसला टेकवला की ट्रान्झिस्टर पूर्ण बंद आणि कलेक्टर थेट १२ व्होल्टवर. डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स सहसा १० मेगाओहम असतो, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. मीटर लावल्याने सर्किट बदलतं हे वाक्य पुस्तकात असतं. इथे ते टेबलावर दिसलं.

समोर असलेले पर्याय

शिक्षिका आणि साहाय्यकांनी त्याच दुपारी बसून पाच मार्ग मांडले.

पहिला, फक्त रेझिस्टर बदलायचा. बीटा २९० धरला तर ३९० किलोओहमच्या जागी १.२ मेगाओहम येतो आणि ट्रान्झिस्टरवर जवळपास ६ व्होल्ट मिळतात. पण 'बी' गटातच बीटा २२० असेल तर ७.४ व्होल्ट, ४२० असेल तर ३.३ व्होल्ट. म्हणजे एका तुकड्यासाठी बरोबर असलेलं सर्किट दुसऱ्यासाठी चूक.

दुसरा, ट्रान्झिस्टर निवडून द्यायचे. एचएफई खाचेत प्रत्येक तुकडा मोजायचा, २८० ते ३०० च्या दरम्यानचे बाजूला काढायचे आणि तेच वाटायचे.

तिसरा, बेसला ४७० किलोओहम आणि त्याच्याशी सीरिजमध्ये १ मेगाओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. प्रत्येक जोडीने पॉट फिरवून कलेक्टर ६ व्होल्टवर आणायचा. यात तो ४७० किलोओहमचा रेझिस्टर विसरून चालत नाही. पॉट शून्यावर गेला तर बेस सरळ १२ व्होल्टला चिकटतो आणि तुकडा त्या क्षणी जातो.

चौथा, बेसचा रेझिस्टर सप्लायऐवजी कलेक्टरला जोडायचा. ४७० किलोओहम घेतला तर बीटा १७० ला कलेक्टर ७ व्होल्टवर, २९० ला ५.५ वर आणि ४५० ला ४.३ वर बसतो. करंट वाढला की कलेक्टर खाली येतो, बेसला कमी मिळतं आणि सर्किट स्वतःला सावरतं. एकही जास्तीचा भाग न लावता सॅच्युरेशन टळतं. या लेखकाच्या मते हा पर्याय मराठी पाठ्यक्रमांत फारच दुर्लक्षित आहे.

पाचवा, बेसला दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर आणि एमिटरला रेझिस्टर. भाग जास्त, गणित लांब, पण बीटा जवळपास हिशेबातूनच निघून जातो.

पहिला निर्णय आणि तो का टिकला नाही

वेळ कमी होता. जर्नल पूर्ण करायची होती आणि दुसरी बॅच दोन दिवसांवर आली होती. म्हणून दुसरा मार्ग घेतला गेला: तुकडे निवडायचे आणि बेसला १.२ मेगाओहम. पिशवीतल्या चाळीस तुकड्यांतून २८० ते ३०० चे अकराच निघाले. दहा टेबलांना दहा आणि एक शिल्लक.

पहिल्या बॅचच्या पुढच्या तासाला सगळं चाललं. दहाही टेबलांवर कलेक्टर ५.८ ते ६.२ व्होल्ट, वेव्ह सुबक, जर्नलवर सह्या. पण गडबड दुसऱ्या बॅचला झाली. निवडलेल्या तुकड्यांपैकी तीन ब्रेडबोर्डवरून काढताना पाय तुटून गेले, दोन कुणाच्या तरी डब्यात राहिले. त्यांच्या जागी पिशवीतले न मोजलेले लावले. दोन टेबलांवर कलेक्टर ३.५ च्या खाली आला आणि आउटपुट वाढवताच वेव्हचं तळ सपाट झालं. एकावर तो ७.५ व्होल्टवर होता.

त्या टेबलावरच्या मुलीने जो प्रश्न विचारला तो प्रकरणाला वळण देणारा ठरला: "मॅडम, टीव्हीच्या कारखान्यात पण असाच एकेक ट्रान्झिस्टर मोजून लावतात का?"

उत्तर अर्थातच 'नाही' असं होतं. पण 'नाही'च्या पुढे काय, हे त्या पत्रिकेत कुठेच नव्हतं. तुकडे निवडण्याने प्रात्यक्षिक यशस्वी दिसत होतं, पण मुलं बायसिंग शिकली नव्हती. ती शिकली होती, तर 'बरोबर' ट्रान्झिस्टर मिळाला की सर्किट चालतं, एवढंच.

इथे पाठ्यपुस्तकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. फिक्स्ड बायस वाईट का, याचं कारण म्हणून ती नेहमी तापमान आणि थर्मल रनअवे (उष्णतेने करंट वाढतो, करंटने उष्णता, असं चक्र) पुढे करतात. पण या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर जेमतेम १६ मिलिवॉट खर्च करतो आणि त्याच्यावर सप्लायच्या निम्मं किंवा कमी व्होल्टेज असलं तर करंट वाढल्यावर त्यातली उष्णता उलट कमीच होते. रनअवेचा प्रश्नच येत नाही. ट्रान्झिस्टर दोन बोटांत दाबून धरला तर कलेक्टर फार तर ०.२ व्होल्टने घसरतो. तापमानाचा परिणाम खरा आहे, पण छोटा. तुकडा बदलल्याचा परिणाम चार व्होल्टचा आहे. बॅचसमोर मुद्दा मांडायचा तर तो या दुसऱ्या आकड्यावरूनच मांडायला हवा.

दुसरा निर्णय: पत्रिका नव्याने

पुढच्या आठवड्यात व्होल्टेज डिव्हायडरचं सर्किट घ्यायचं ठरलं. त्यासाठी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचं पुढचं प्रात्यक्षिक याच सर्किटवर घ्यायचं असंही ठरवलं. त्यामुळे वेळापत्रकातून एकच तास गेला. चौथा पर्याय चर्चेत बराच वेळ राहिला, पण कलेक्टरपासून येणारा रेझिस्टर सिग्नलचाही काही भाग बेसकडे परत पाठवतो आणि इनपुट रेझिस्टन्स उतरवतो. तो टाळायचा तर रेझिस्टरचे दोन भाग करून मधून कपॅसिटर ग्राउंडला द्यावा लागतो. हे समजावण्यापेक्षा एमिटर रेझिस्टरने गेन कसा ठरतो हे दाखवणं जास्त मोलाचं, असा विचार झाला.

भाग असे निवडले की सगळे नेहमीच्या प्रमाणित मूल्यांत मिळावेत, जेणेकरून गल्लीत कुठल्याही दुकानात ते सहज मिळतील:

आर१ (सप्लाय ते बेस) ४७ किलोओहम, आर२ (बेस ते ग्राउंड) १० किलोओहम, कलेक्टरला ३.९ किलोओहम, एमिटरला १८० ओहम आणि त्याखाली ८२० ओहम सीरिजमध्ये. इनपुटला १ मायक्रोफॅरड, आउटपुटला १० मायक्रोफॅरड, आणि ८२० ओहमच्या दोन टोकांवर १०० मायक्रोफॅरडचा बायपास, म्हणजे सिग्नलला त्या रेझिस्टरला वळसा घालू देणारा कपॅसिटर.

गणित मुलांकडूनच करून घेतलं. डिव्हायडर एकटा असता तर बेसवर १२ गुणिले १० भागिले ५७, म्हणजे २.१ व्होल्ट. त्यातून ०.६५ वजा केले की एमिटरवर साधारण १.४५ व्होल्ट. एमिटरला एकूण १ किलोओहम, म्हणून करंट १.४ मिलिॲम्पिअरच्या आसपास. ३.९ किलोओहमवर साडेपाच व्होल्ट पडतात आणि कलेक्टर ६.५ वर बसतो. या सगळ्या ओळींत बीटा कुठेच आला नाही.

तो खरंच कुठे गेला हे पाहण्यासाठी पाच टेबलांना बीटा ११० धरून आणि पाच टेबलांना ५०० धरून पुन्हा मोजायला सांगितलं. ११० ला कलेक्टर ६.७७, ५०० ला ६.४३. साडेचार पट बीटा बदलला आणि कलेक्टर हलला एक तृतीयांश व्होल्ट. कारण डिव्हायडरमधून ०.२१ मिलिॲम्पिअर वाहतो आणि बेस त्यातला तीन ते बारा मायक्रोॲम्पिअरच घेतो. एवढंसं घेतल्याने बेसचं व्होल्टेज जागचं हलत नाही. त्यातूनही करंट वाढायला लागलाच, तर एमिटर वर चढतो आणि बेस-एमिटरमधला फरक कमी होऊन करंट मागे खेचला जातो.

जोडणीचा क्रमही बदलला. पहिला अर्धा तास फंक्शन जनरेटर कपाटातच. सप्लायची करंट मर्यादा ५० मिलिॲम्पिअरवर, मग जोडणी, मग फक्त तीन आकडे: बेस, एमिटर, कलेक्टर. एमिटर १.२५ ते १.६ आणि कलेक्टर ६ ते ७.२ व्होल्टमध्ये असेल तरच सही आणि सहीनंतरच जनरेटर. ५ टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर एकत्र आले की एवढा फरक पडतोच, त्यामुळे यापेक्षा घट्ट मर्यादा ठेवल्या असत्या तर बरोबर सर्किटंही अडकली असती.

टेबलांवर प्रत्यक्ष काय झालं

दहापैकी सात सर्किटं पहिल्याच झटक्यात मर्यादेत आली. उरलेली तीन सविस्तर सांगण्यासारखी आहेत.

एका टेबलावर एमिटर आणि कलेक्टर दोन्ही साडेतीन व्होल्टच्या आसपास होते. दोन्ही जवळजवळ सारखे म्हणजे सॅच्युरेशन. आर१ च्या जागी ४.७ किलोओहम लागला होता. पिवळा, जांभळा, लाल आणि पिवळा, जांभळा, नारंगी यांतला फरक ट्यूबलाइटच्या उजेडात फसवतो. रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजायची सवय नसेल तर ही चूक होतच राहते.

दुसऱ्या टेबलावरचा दोष जास्त अवघड होता. बेस २.१, एमिटर १.६, दोन्ही 'बरोबर'. कलेक्टर मात्र पूर्ण १२. मुलांना कळेना की एमिटरवर व्होल्टेज आहे, तर करंट का नाही. कारण १८० आणि ८२० ओहम वेगवेगळ्या ओळींत बसले होते, म्हणजे एमिटर हवेतच लटकत होता. १० मेगाओहमचा मीटर एमिटर आणि ग्राउंडमध्ये लावला की मीटर स्वतःच एमिटर रेझिस्टर बनतो, मायक्रोॲम्पिअरच्या काही अंशाने बेस-एमिटर जंक्शन उघडतं आणि आकडा खरा असल्यासारखा दिसतो. उपाय सोपा: ८२० ओहमच्या वरच्या टोकावर मोजायचं. तिथे शून्य होतं.

तिसऱ्या टेबलावर मल्टिमीटरचे आकडे ठीक होते, पण डीएसओ लावला की कलेक्टर ०.१ व्होल्टवर कोसळायचा. मुलांनी ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज पाहण्यासाठी प्रोबचं टोक कलेक्टरला आणि ग्राउंडची क्लिप एमिटरला लावली होती. डीएसओची क्लिप आतून मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते, जनरेटरचं ग्राउंडही तिथेच, आणि जनरेटर सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला. म्हणजे क्लिपने एमिटर रेझिस्टर शॉर्ट केला होता. क्लिप फक्त ग्राउंडलाच लावायची. दोन बिंदूंमधलं व्होल्टेज पाहायचं तर दोन चॅनल घेऊन वजाबाकी करायची.

मग गेन. तो तीन वेळा मोजायचा होता आणि हाच भाग सगळ्यांत रंगला.

आधी बायपास कपॅसिटर न लावता. गेन ३.८ आला. ३.९ किलोओहम भागिले एमिटरचा १ किलोओहम, हे कागदावरचं सरळ गणित पडद्यावर उतरलेलं पाहून मुलांना बायसचा आणि गेनचा संबंध पहिल्यांदा स्पष्ट झाला.

मग १०० मायक्रोफॅरड पूर्ण १ किलोओहमवर. गेन २०० च्या जवळ. आता एमिटरमध्ये उरतो तो फक्त ट्रान्झिस्टरचा आतला रेझिस्टन्स, साधारण २६ मिलिव्होल्ट भागिले १.४ मिलिॲम्पिअर, म्हणजे १८ ते १९ ओहम. इथे सिग्नल अगदी बारीक हवा. बहुतेक जनरेटर इतकं खाली जात नाहीत, म्हणून १ किलोओहम आणि १० ओहमचा ॲटेन्युएटर लावला. १ व्होल्ट पीक-टू-पीकचे त्यातून दहा मिलिव्होल्ट निघतात. इनपुट वाढवून २० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक केला तर वेव्ह कुठेही कापली न जाता वेडीवाकडी होते: खालची टोकं अणकुचीदार, वरची बोथट. ट्रान्झिस्टरचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही, घातांकाने वाढतो, ते हे चित्र. क्लिपिंग आणि हा बाक यांतला फरक पडद्यावर एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही.

एका टेबलाचा गेन इथे १५० वरच अडकला. त्यांनी १०० ऐवजी १० मायक्रोफॅरड लावला होता. १८ ओहमसमोर १० मायक्रोफॅरडची कट-ऑफ (जिच्याखाली गेन घसरत जातो ती फ्रिक्वेन्सी) ८८० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणून १ किलोहर्ट्झवरच गेन घसरलेला. सिग्नल १० किलोहर्ट्झ केल्यावर तो २०० च्या जवळ गेला आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा धडा आपोआप सुरू झाला.

शेवटी बायपास फक्त ८२० ओहमवर. १८० ओहम मोकळा. गेन १९ ते २०. आता २०० मिलिव्होल्ट दिले तरी चार व्होल्टची स्वच्छ साइन वेव्ह. ट्रान्झिस्टर कुठलाही असो, गेन तेवढाच.

दोन टेबलांवर गेन दुप्पट आला, ४० च्या आसपास. त्यांनी इनपुट जनरेटरच्या डिस्प्लेवरून लिहिला होता. आउटपुटला ५० ओहमचा लोड आहे असं धरून जनरेटर आकडा दाखवत होता आणि इथे तसा लोड नसल्याने प्रत्यक्ष सिग्नल दुप्पट होता. एका टेबलावर गेन बरोबर दहा पट चुकला. प्रोबवरची खटकी १० पट वर आणि डीएसओच्या मेनूमध्ये १ पट. इनपुट असो वा आउटपुट, दोन्ही डीएसओनेच मोजायचे आणि दोन्ही प्रोब सारखे ठेवायचे.

परिणाम

सगळ्यांत शेवटी शेजारच्या टेबलांनी आपापसांत ट्रान्झिस्टर बदलले. पिशवीतले न मोजलेले 'ए' आणि 'बी', जसे हाताला येतील तसे. कलेक्टरमधला सगळ्यांत मोठा बदल ०.२८ व्होल्ट होता. त्यानंतर एका टेबलावर जुनं फिक्स्ड बायस आणि शेजारी नवं सर्किट ठेवून दोन्ही ट्रान्झिस्टरजवळ सोल्डरिंग आयर्न सेंटिमीटरभर अंतरावर अर्धा मिनिट धरला. जुन्या सर्किटचा कलेक्टर ६ वरून ४.७ व्होल्टवर आला, नव्याचा पाव व्होल्टभर हलला.

व्हायवामध्ये 'बीटा दुप्पट झाला तर काय होईल' या प्रश्नावर बहुतेक मुलांनी आधी उलट विचारलं: कुठल्या सर्किटमध्ये? अडचणही उरली. लेखी परीक्षेत फिक्स्ड बायसचं गणित बीटा १०० धरूनच येतं, त्यामुळे मुलांना दोन्ही पद्धती ठेवाव्या लागल्या. आणि ज्या तिघांनी आउटपुटला थेट ८ ओहमचा स्पीकर लावून पाहिला त्यांची निराशा झाली, कारण ८ ओहमसमोर या सर्किटचा गेन ०.०४ उरतो. पॉवर ॲम्प्लिफायर किंवा एमिटर फॉलोअर का लागतो, हे सांगायला तेव्हा वेळ उरला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी ट्रान्झिस्टर निवडून देण्याऐवजी तिसरा पर्याय, म्हणजे पॉट, घ्यायला हवा होता. तेवढ्याच वेळात प्रत्येक जोडीने स्वतःच्या हाताने क्यू-पॉइंट (सिग्नल नसताना कलेक्टर जिथे बसतो ती पातळी) हलताना पाहिला असता: पॉट एकीकडे नेला की वेव्हचं तळ कापलं जातं, दुसरीकडे नेला की माथा. दोन जोड्यांनी पॉट न हलवता ट्रान्झिस्टर बदलले असते तर फिक्स्ड बायसची मर्यादा कुणी न सांगता समोर आली असती. तुकडे निवडल्याने वाचलेला तास पुढच्या आठवड्यात खर्च झालाच.

दुसरं, कलेक्टर फीडबॅकला, म्हणजे चौथ्या पर्यायाला, दहा मिनिटं द्यायला हवी होती. फिक्स्ड बायसच्या सर्किटमधली बेस रेझिस्टरची एकच वायर सप्लायवरून काढून कलेक्टरवर न्यायची, एवढाच बदल. त्या एका वायरीने मल्टिमीटरवरचा ०.१ व्होल्टचा आकडा वर चढताना दिसतो. ३९० किलोओहम तसाच ठेवला तरी बीटा २९० ला कलेक्टर ५ व्होल्टच्या जवळ येतो. फीडबॅक म्हणजे काय, हे यापेक्षा कमी खर्चात दाखवता येत नाही.

तिसरं, प्रत्येक टेबलावर बीसी५४७ च्या पायांचं मोठं चित्र चिकटवणं आणि प्रयोगशाळेतले २एन मालिकेतले तुकडे वेगळ्या डबीत ठेवणं. हे पुढच्या सत्रात झालं. काट्याचे मीटर काढून टाकले नाहीत. ते मुद्दाम ठेवले, बेसला एकदा टेकवून पाहण्यासाठी.

नव्या पत्रिकेतल्या निरीक्षण तक्त्यात शेवटी एक ओळ वाढली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: स्वतःच्या ट्रान्झिस्टरसह कलेक्टर व्होल्टेज, शेजाऱ्याच्या ट्रान्झिस्टरसह कलेक्टर व्होल्टेज, आणि दोन्हींतला फरक. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर सही मिळत नाही. आधी दोष शोधावा लागतो.